फेलिशियाच्या आंब्याची सावली

दुपार कलायला लागली की वसुंधराचं चित्त ठिकाणावर राहत नसे. हात कामात, डोळे कुंपणाकडे. कुंपणापलीकडे फेलिशियाचा रायवळ आंबा होता. आंबे असे की नुसते बघून दात आंबावेत, खोड निम्मं पोकळ, पण पसारा असा दांडगा की त्याची सावली कुंपण ओलांडून थेट वसुंधराच्या मांडवावर येऊन बसायची. आणि कंबरेएवढ्या उंच त्या बांबूच्या मांडवावर वाळत असायची सुकेळी.

आता ज्याने सुकेळी नुसती खाल्लीत त्याला सावलीचं दुःख कळायचं नाही. राजेळी केळ्यांचा लोंगर उतरवायचा, धूर देऊन पिकवायचा, एकेक केळं सोलून मांडवावरच्या चटईवर हारीने मांडायचं. दुपारी उलटायचं. दव पडायच्या आत केळीच्या सुक्या पानांत गुंडाळून घरात घ्यायचं, सकाळी परत बाहेर. असं आठवडाभर लेकरागत खाली-वर केलं की केळं तांबूस होतं, आक्रसतं, स्वतःच्याच रसात मुरतं. पण त्याला ऊन लागतं, मावळेपर्यंतचं सगळं ऊन. ते हुकलं की सुकेळं आतून ओलं राहतं, आणि ओल्या सुकेळ्याला बुरशी धरते. वसुंधराच्या सासूने याच जागी मांडव घातला, तिच्याही सासूने घातला. तेव्हा आंब्याचा एवढा पसारा नव्हता, इतकंच.

दोन वर्षं ती फेलिशियाशी भांडत होती. कुंपणाशी उभं राहून, कधी पदर खोचून, कधी देवाधर्माची आण घालून. "फेलिशियाबाय, तुझा आंबा माझं पोट मारतो!" राजोडीला मासळी आणायला जाणारे लोक सायकली थांबवून ऐकायचे. पहिल्या खेपेला फेलिशिया शांतपणे म्हणाली होती, "माझ्या अंगणात ऊन आहे वसू, संध्याकाळपर्यंत. तिथे वाळव ना." त्यावर वसुंधरा अशी काही भडकली की विचारू नका. माझं सुकेळं दुसऱ्याच्या अंगणात? माझी जागा काय वाहून गेली? त्या दिवसापासून अंगणाची गोष्ट फेलिशियाने परत काढली नाही.

मग नाताळच्या तोंडावर फेलिशियाचा नवरा स्टॅनी पडला. अर्धं अंग गेलं, वाचा गेली. गावच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारा माणूस, आता ओसरीवरच्या खुर्चीत दिवसभर बसून असायचा, डाव्या हातात काठी धरून. वसुंधरा भेटायला गेली, दोन शहाळी ठेवून आली. भांडण मात्र तिने सोडलं नाही, थोडा आवाज खाली आणला एवढंच. आणि फेब्रुवारी संपता संपता एके दिवशी फेलिशिया आपणहून कुंपणाशी आली आणि म्हणाली, "काप बाई तो आंबा. पालिकेची परवानगी मिळाली. केनीला सांग, मी आड येत नाही."

वसुंधरा जिंकली. पण जिंकल्यावर कसं गोड लागायला पाहिजे, तसं काही लागलं नाही. "अशी एकदम कशी मानली ती?" ती नवऱ्याला विचारत राहिली.

"मानली तर मानली. आता त्याच्यावरूनही भांड," सदानंद म्हणाला. त्याचे गुडघे गेले होते, जीभ चांगली होती.

झाडं तोडणाऱ्या केनीने सोमवार दिला.

त्या सोमवारच्या आधीच्या शुक्रवारची ही गोष्ट. सावलीचा बंदोबस्त झाला, तर चोरांचा प्रश्न उभा राहिला होता. कावळे, बुलबुल, खारी, आणि त्यांच्यात एक राखाडी, लांब शेपटीचा, वाकड्या चोचीचा. त्याला धनेश म्हणतात हे सदानंदने सांगितलं. कावळा चोच मारून केळं नासवायचा. हा मात्र साहेबासारखा यायचा, एक अख्खं सुकेळं उचलायचा आणि जायचा. वसुंधराने मासळीवाल्या ज्युलीकडून राजोडीच्या कोळ्यांचं जुनं जाळं मागवलं आणि मांडवावर ताणून बांधलं.

शुक्रवारी सकाळी ती दुसरी चटई घेऊन आली तर जाळ्यात तो लटकत होता. एक पंख वर, एक खाली, नायलॉनचा धागा पंखाच्या मुळाशी रुतलेला. ओरडत होता, आणि तिला बघून गप्प झाला. ते गप्प होणं तिला आवडलं नाही.

"अहो! इकडे या! संपदा, कात्री आण!"

संपदा म्हणजे सून, नालासोपाऱ्याच्या दोन खोल्यांत वाढलेली, बँकेत जायची. ती आली, बघितलं आणि कात्री देण्याआधी फोन काढला. "आई, हात लावू नका. पकडलेला पक्षी घरात सापडला तर केस होते. मी एकीला बोलावते, एव्हरशाईन कॉलनीत राहते, अडकलेली पाखरं सोडवायचंच काम करते."

केस म्हटल्यावर वसुंधराने हात मागे घेतला. सुकेळ्यापायी जेलात! सदानंदने टॉवेल टाकून पक्षी झाकला. टॉवेलाखाली त्याचं पोट भराभर वर-खाली होत होतं.

ज्ञानदा स्कूटरवर आली. पंचवीस-सव्वीसची मुलगी, पाठीला सॅक, हातात भोकं पाडलेलं खोकं. रागावली नाही, उपदेश केला नाही, गुडघ्यावर बसून एकेक धागा कापत गेली. पक्ष्याने तिच्या बोटाला चोच मारली, रक्त आलं, ती नुसती "हं हं, बाळा" म्हणाली. वसुंधरा हळद आणायला आत पळाली.

"हाड मोडलेलं दिसत नाही, मुका मार आहे. खाडीपलीकडे नॅशनल पार्कात नेते, तिथले डॉक्टर बघतील. बरा झाला की तिथल्याच जंगलात सोडतील." मग खोकं बंद करता करता तिने विचारलं, "काकू, जवळपास याचं घरटं आहे का? म्हणजे मोठ्या झाडाची ढोली वगैरे? हे दिवस त्यांच्या घरट्याचे असतात."

एक क्षण गेला असेल. त्या क्षणात वसुंधराला आंबा दिसला. रोज सकाळ-दुपार चोचीत उंबरं घेऊन त्या आंब्याच्या खोडाकडे जाणारा हाच पक्षी दिसला. आणि सोमवार दिसला, केनी दिसला, घरटं आहे म्हटल्यावर सगळं अडणार, परत दोन वर्षं, परत सावली.

"नाही गं," ती म्हणाली. "इथे कुठली ढोली?"

संपदाने सासूकडे बघितलं. ज्ञानदा खोकं स्कूटरला बांधून गेली. मग संपदा हळूच म्हणाली, "आई, तो त्या आंब्यावर जायचा ना?"

"पाखरू झाडावर जाणार नाही तर काय बँकेत जाणार? तुला उशीर होतोय."

संपदा गेली. वसुंधराने सुकेळी उलटली. एक उलटं करायचं ते दोनदा उलटं केलं, परत सुलटं केलं.

त्याच दुपारी पलीकडून आवाज यायला लागला. ठक. ठक ठक. काठी फरशीवर आपटल्याचा. थोडं थांबायचा, परत सुरू. संध्याकाळी सुकेळी गुंडाळताना ठक ठक. शनिवारी सकाळी ती चूल पेटवत होती तेव्हाही ठक ठक.

"स्टॅनीला काय झालंय?" सदानंदने कुंपणावरून विचारलं.

"काय की," फेलिशिया म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "कालपासून असंच. खात नाही, झोपत नाही. खुर्ची आत घेतली तर ओरडतो. डॉक्टर म्हणाले प्रेशर वाढलंय, परत झटका यायला नको." तिने वसुंधराकडे बघितलं. "मला वाटतं आंब्याचं कळलंय त्याला. त्याच्या आज्याने लावलेला."

वसुंधरा चूल फुंकायला वळली. तोंडात केळ्याची साल कोंबल्यासारखं झालं होतं. शनिवारी तिला जेवण गेलं नाही. मांडव, चूल, कुंपण. मांडव, चूल, कुंपण. सदानंद म्हणाला, "तू बस तरी कुठेतरी, तुला बघून मला चक्कर येते." ती बसली आणि लगेच उठली.

रविवारी फेलिशियाने हाक मारली. "वसू, तासभर याच्याजवळ बसशील? ईस्टरआधीचा उपवासकाळ आहे, चर्चमध्ये मिस्साला गेले नाही तर मला चैन पडायचं नाही. दुसऱ्या कोणाला सांगू?"

दोन वर्षांत वसुंधरा त्या ओसरीवर फक्त भांडायला किंवा शहाळी ठेवायला गेली होती. ती जाऊन स्टॅनीच्या खुर्चीशेजारी पायरीवर बसली. त्याची दाढी वाढलेली, उजवा गाल ओघळलेला. डोळे मात्र जागे, आणि ते तिच्याकडे नव्हतेच. काठी उचलून त्याने आंब्याकडे रोखली. ठक. परत रोखली.

"काय स्टॅनीदादा? आंबा? तो..."

त्याने मान हलवली, नाही नाही. काठी थोडी वर. खोडाला जिथे मोठी फांदी फुटते तिथे. वसुंधरा बघत राहिली. तिथे ढोलीचं तोंड चिखलाने लिंपलेलं होतं. कुंपणापलीकडून तिने ते शंभरदा बघितलं असेल आणि वाळवी समजून सोडून दिलं असेल. मधोमध एक फट होती, बोटभर रुंद. आणि त्या फटीतून एक चोच बाहेर आली. वाकडी, राखाडी. थोडा वेळ तशीच राहिली. उघडली, मिटली, आत गेली.

ठक, ठक, ठक.

"आई गं," वसुंधरा म्हणाली.

खुर्चीत बसल्या बसल्या स्टॅनी रोज तेच बघायचा, हे तिच्या डोक्यात आता शिरलं. तो धनेश यायचा, फटीशी लटकून उंबरं भरवायचा, जायचा, परत यायचा. बोलता न येणाऱ्या माणसाचा दिवस त्यावर जायचा. आणि शुक्रवारपासून तो आला नव्हता. का आला नव्हता ते वसुंधराला माहीत होतं.

तिने तिथूनच, पायरीवरूनच ज्ञानदाला फोन लावला. संपदाकडून नंबर मागून घेतला तेव्हा संपदाने का म्हणून विचारलंही नाही.

"ज्ञानदा, मी सुकेळीवाली काकू. अगं, ढोली आहे. आत मादी आहे."

"काकू, मी विचारलं होतं."

"हो गं बाई. विचारलं होतंस."

"मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते, आत तिची पिसं गळतात. बाहेर पडली तरी उडता येत नाही. तिला आणि पिल्लं असली तर त्यांनाही खायला तोच आणतो. शुक्रवारपासून..." ती थांबली. "तिकडे त्याला उद्या-परवा सोडणार होते, पार्कात. मी आत्ता फोन करते. डॉक्टर हो म्हणतील, पण पंख बघूनच देतील. दोन दिवस तरी. तोपर्यंत तिला उंबरं देऊन बघा, काठीने. आणि काकू, झाडाला कोणी हात लावू देऊ नका."

"नाही लावू देणार," वसुंधरा म्हणाली. म्हटल्यावर तिला केनी आठवला.

फेलिशिया मिस्साहून आली ती घाईघाईने, डोक्यावरचा रुमालही काढला नव्हता. वसुंधराने तिला बसूही दिलं नाही. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, जाळं, खोकं, खाडीपलीकडे. आणि ते एक वाक्यही सांगितलं, नाही गं, इथे कुठली ढोली. ते सांगताना तिची नजर फरशीवर होती.

फेलिशियाने रुमाल सोडला, घडी केली. "तू नाही म्हणालीस?"

"म्हणाले."

"सावलीपायी."

"हो."

"वसू, मी आंबा का सोडला ठाऊक आहे? तुझं बरोबर होतं म्हणून नाही. याला उठवायचं, धुवायचं, भरवायचं, आणि वर तुझ्याशी भांडायचं? माझ्यात जोर नाही राहिला. म्हटलं, जाऊ दे झाड, निदान एक आवाज तरी बंद होईल."

वसुंधरा रडली नाही, रडायचा आपल्याला हक्क नाही असं तिला वाटलं. फेलिशिया आत जायला वळली आणि दारातून म्हणाली, "उद्या केनी येईल. मी नाही बोलणार त्याच्याशी. तूच त्याला रोज फोन करत होतीस, आता तूच सांग."

रविवारची दुपार पाखराला भरवण्यात गेली. सदानंद दुखऱ्या गुडघ्यांनी दत्ताच्या देवळामागच्या उंबराखाली वाकून पिकली फळं वेचून घेऊन आला. वसुंधराने आंबे काढायची लांब काठी घेतली, टोक चिरलं, चिरेत फळ अडकेल असं केलं. पण पहिलं म्हणून तिने उंबर दिलंच नाही. तिने मांडवावरचं सगळ्यात चांगलं, तांबूस झालेलं सुकेळं निवडलं. आपल्या घरची सगळ्यात मोठी वस्तू पहिली द्यावी, एवढंच तिच्या मनात.

काठी वर गेली, टोक फटीशी जाऊन खरखरलं. आतून चोच सपकन आली, काठीवर टक्कन बसली आणि परत आत. वसुंधरा थांबली. खांदे भरून आले. ठक, स्टॅनीची काठी वाजली, म्हणजे चोच परत दिसली होती. तिने टोक पुढे केलं. चोचीने सुकेळं धरलं, आत नेलं.

"घेतलं! घेतलं गं फेलिशिया!"

आणि सुकेळं फटीतून बाहेर आलं ते थेट वसुंधराच्या कपाळावर. चिकट, गच्च.

खुर्चीतून एक आवाज आला. घशातून, खरखरीत, मोडका. फेलिशिया स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं झटका आला. स्टॅनी हसत होता. नाताळपासून पहिल्यांदा.

"हसा," वसुंधरा कपाळ पुसत म्हणाली, "माझंच आहे ते, हसा."

उंबरं मादीने घेतली. पहिली दोन काठीवरूनच पडली, तिसरं गेलं. संध्याकाळपर्यंत मूठभर गेली असतील. तिच्या मानाने काहीच नाही, आणि आत अजून कोण होतं देव जाणे. वसुंधराची मान आखडली, दंडात गोळे आले, सुकेळी उलटायची राहिली. सावली मांडवावर आली आणि गेली, तिला पत्ता नाही.

सोमवारी केनी दोन गडी, दोर आणि करवतीचं मशीन घेऊन टेम्पोतून उतरला. वसुंधरा आंब्याखालीच उभी होती, हातात काठी.

"काकी, बाजूला व्हा, फांद्या पडतील."

"कापायचं नाही."

"काय?"

"झाड कापायचं नाही, केनी. वर पाखरू आहे, ढोलीत. पिल्लं असतील."

केनीने मशीन खाली ठेवलं. गड्यांकडे बघितलं. "काकी, गेल्या आठवड्यात तुम्ही मला फोन करून करून झोपू दिलं नाही. कधी येतोस, कधी येतोस. मी विरारचं काम सोडून आलो."

"केले फोन. मीच केले."

"मग आज?"

"आज मीच नाही म्हणते. काय म्हणायचं ते मला म्हण, फेलिशियाला काही बोलू नको."

केनीला म्हणायचं होतंच. त्याने म्हटलंही, टेम्पोचं, गड्यांचं, दिवस फुकट गेल्याचं, आणि शेवटी गड्यांना उद्देशून पण तिला ऐकू जाईल असं, "बायकांच्या भांडणात पडलं की हे असं होतं." एक गडी तोंड फिरवून हसला. रस्त्यावर सायकली थांबल्या होत्याच. वसुंधराने ऐकून घेतलं. एरवी तिने त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. मग ती घरात गेली, तयार सुकेळ्यांच्या पुड्या आणल्या आणि तिघांच्या हातात दिल्या. केनी पुडीचा वास घेत म्हणाला, "आईला आवडतात." आणि टेम्पो मागे घेतला.

फेलिशिया ओसरीवरून सगळं बघत होती. थोड्या वेळाने कुंपणावर एक तांब्या ठेवलेला दिसला, आत लिंबाचं सरबत.

दोन दिवस वाडीत दुसरं काम झालं नाही म्हटलं तरी चालेल. उंबरं, काठी, मान वर. स्टॅनी खुर्चीतून ठक करायचा, वसुंधरा काठी लावायची. मंगळवारी दुपारी मादीने काहीच घेतलं नाही. चोचही दिसेना. स्टॅनीची काठी गप्प. वसुंधरा खोडाला कान लावून उभी राहिली. खोड उन्हाने तापलं होतं. आतून काही ऐकू येईना, मग अगदी बारीक चिवचिव आली, एक की दोन, तिला कळलं नाही. "जगा गं," ती झाडाला म्हणाली, "एवढा दिवस काढा."

बुधवारी ज्ञानदा आली, तेच खोकं घेऊन. मागे वनखात्याचा माणूस होता, त्याने जाळ्याबद्दल दरडावून विचारलं, जाळं जप्त केलं, परत असं दिसलं तर सोडणार नाही म्हणाला. वसुंधरा हो साहेब, हो साहेब म्हणत राहिली. तिचं लक्ष खोक्याकडे होतं.

ज्ञानदाने आंब्याखाली खोकं ठेवलं, झाकण उघडलं. तो बाहेर आला, जमिनीवर दोन उड्या मारल्या, पंख एकदा उघडून बघितला. मग उडाला. आंब्याकडे नाही. नारळींवरून सरळ पश्चिमेला, समुद्राकडे, आणि दिसेनासा झाला.

ज्ञानदाने रिकाम्या खोक्याचं झाकण लावलं.

"येईल," ज्ञानदा म्हणाली. पण तिचा आवाज काही खात्रीचा नव्हता. ती ऊन उतरेपर्यंत थांबली. तो आला नाही. जाताना तिने वसुंधराच्या हातावर हात ठेवला, आणि त्याने वसुंधराला जास्तच वाईट वाटलं.

ती रात्र कशी गेली ते तिचं तिला माहीत. गुरुवारी उजाडताच तिने चटया बाहेर काढल्या. संपदा म्हणाली, "आई, निदान साडी तरी टाका वर, कावळे..."

"काही टाकायचं नाही. उघडं राहू दे."

ती मांडत होती. सुकत आलेलं केळं, त्याच्या शेजारी केळं. हात चालत होता, जीव टांगणीला. कावळे आले, तिने हाकलले. मग मांडवाच्या टोकाला काहीतरी बसल्यासारखं वाटलं. तिने मान वळवली नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. राखाडी, लांब शेपूट. एक पंख जरासा लोंबता.

सवयीने तिचा हात उठला होता, हाड म्हणायला तोंड उघडलं होतं. हात तसाच हवेत राहिला.

त्याने चटईवर बघितलं, निवडलं, आणि एक अख्खं सुकेळं उचललं. उडाला, कुंपण ओलांडलं, खोडाला लटकला. पलीकडे काठी फरशीवर अशी वाजली की फेलिशिया पिठाच्या हातांनी बाहेर आली. फटीतून चोच आली. धनेशाने सुकेळं पुढे केलं. चोचीने घेतलं, आत नेलं.

दोघी बायका कुंपणाच्या दोन बाजूंना फटीकडे बघत उभ्या. सुकेळं बाहेर पडलं नाही.

"बघितलंस?" वसुंधरा म्हणाली. तिचे डोळे वाहत होते, आणि त्यातही ती चिडली होती. "मी दिलं तर डोक्यात मारलं मेलीने. त्याने दिलं तर गिळलं!"

फेलिशिया हसायला लागली. हसता हसता तिने डोळे पुसले तर गालाला पीठ लागलं.

दुपारी सावली आली. कुंपणावरून खाली उतरली, मांडवाच्या पहिल्या चटईवर चढली. वसुंधरा तिच्याकडे बघत उभी राहिली. पलीकडे अंगणात लख्ख ऊन पडलं होतं. फेलिशिया ओसरीवर बसून तांदूळ निवडत होती, तिने वर बघितलं आणि परत तांदळात बोटं घातली. ती आता आपणहून बोलावणार नव्हती, हे वसुंधराला माहीत होतं.

"फेलिशियाबाय," वसुंधराने हाक मारली. "तुझ्या अंगणात जागा आहे का गं?"

फेलिशियाने सूप बाजूला ठेवलं आणि कुंपणाचं फाटक उघडायला उठली. त्याची कडी गंजून बसली होती, दोघींना मिळून ओढावी लागली.

चटया स्टॅनीच्या खुर्चीसमोर मांडल्या. राखण आपोआप त्याच्याकडे आली. कावळा उतरला की ठक. खार आली की ठक ठक. बुलबुलाला तर बसूच द्यायचा नाही. वसुंधरा कुंपणापलीकडे लोंगर उतरवत होती, आवाज ऐकून तिला बरं वाटत होतं. मग बराच वेळ आवाज आलाच नाही. तिने वाकून बघितलं तर चटईवर धनेश, ऐटीत, चोचीत सुकेळं.

"स्टॅनीदादा!" ती ओरडली. "झोपलात काय?"

स्टॅनी झोपला नव्हता. त्याने काठी उचलून मांडीवर आडवी ठेवली होती.